पावसापेक्षा वारा महाग: कोकणातली मास्टर्स टाइम ट्रायल समजून घेताना

रविवारी सकाळी नाक्यावर चहाला थांबलेल्या माणसाला टाइम ट्रायल पाहून हमखास कोडं पडतं. पावसाची भुरभुर चालू, रस्ता ओलाचिंब, आणि एक सायकलस्वार पाठ वाकवून एकटाच जातो. मिनिटभराने दुसरा. मग तिसरा, तोही एकटा. बरेचसे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे. ‘पहिला कोण आहे?’ असं विचारलं तर झेंडा घेऊन उभा असलेला स्वयंसेवक म्हणतो, ‘ते सगळे आल्यावर कळेल.’ ही कसली शर्यत? आणि एवढ्या पावसात ती पुढे का नाही ढकलली?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र लोक ज्या पावसाला घाबरतात, तो योग्य वेगात चालवणाऱ्याचे फार तर काही सेकंद खातो. मिनिटं खातो तो वारा, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

शर्यत घड्याळाशी

टाइम ट्रायलमध्ये प्रत्येकाला वेगळी सुरुवात मिळते. एक सुटला की ३० सेकंदांनी किंवा मिनिटाने पुढचा. ठरलेलं अंतर ज्याने कमीत कमी वेळात कापलं तो पहिला, मग तो रांगेत कितवा का सुटलेला असेना. एरवीच्या शर्यतीत घोळक्यात दडून वारा चुकवता येतो, इथे त्याला बंदी आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमानुसार पुढच्याला गाठलं तर बाजूने किमान २ मीटर अंतर ठेवून जायचं, आणि गाठला गेलेल्याने किलोमीटरभरानंतर किमान २५ मीटर मागे राहायचं. सुटायची वेळ चुकली तरी घड्याळ ठरलेल्या क्षणीच चालू होतं. पावसात हे फार जणांना भोवतं: शेडखाली गप्पा मारत उभे राहतात, नाव पुकारलेलं पत्र्यावरच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि ४० सेकंद पेडल मारण्याआधीच गेलेले असतात.

टूर द फ्रान्समध्ये हा प्रकार १९३४ पासून आहे. १९८९ साली ग्रेग लेमाँडने शेवटच्या दिवशीच्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये लोराँ फिन्याँला मागे टाकलं आणि तीन आठवड्यांची अख्खी शर्यत ८ सेकंदांनी जिंकली.

‘मास्टर्स’ हा वयोगट. यूसीआय ३० वर्षं आणि त्यापुढच्यांना मास्टर्स धरते, आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला किती होतं यावर मोजते. आपल्याकडच्या स्पर्धांत कुठे ३५ पासून, कुठे ४० पासून गट पाडतात, तेव्हा माहितीपत्रक नीट वाचलेलं बरं.

हवा हीच चढण

गुडघाभर समुद्रात चालून पाहा. हळू चाललात तर पाणी वाट देतं, पळायला गेलात की पाय धरून ठेवतं. हवेचंही तसंच. तिचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने.

ही ताकद वॅटमध्ये मोजतात. पाय दर सेकंदाला किती काम करतात त्याचं ते माप. सायकल धरून ८५ किलो वजनाचा, बऱ्यापैकी वाकून बसलेला माणूस सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना ताशी ३६ किलोमीटरने जातो तेव्हा त्याला साधारण २१५ वॅट लागतात. त्यातले १७० च्या वर हवा खाते. उरलेले टायर आणि रस्ता मिळून खातात. वेग ३६ वरून ४० वर न्यायचा तर सुमारे ३० टक्के जास्त ताकद हवी. म्हणूनच एरोबार, म्हणजे हँडलच्या मधोमध पुढे काढलेल्या दोन दांड्या. त्यांवर कोपरं टेकून माणूस स्वतःला अरुंद करतो.

इथे कोणीतरी म्हणतंच, ‘कोकणातली दमट हवा जड असते, त्यामुळे इथे वेग निघत नाही.’ उलटं आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. ३० अंशांना पूर्ण दमट हवा तितक्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा दीडेक टक्क्याने विरळ भरते. युरोपातल्या १५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर आपली किनाऱ्यावरची हवा ६ टक्क्यांहून जास्त विरळ. सायकलीला ती सोयीचीच आहे. जड जाते ती माणसाला, आणि ते का, ते पुढे येईलच.

समोरच्या वाऱ्याचं देणं पाठचा वारा फेडत नाही

बहुतेक टाइम ट्रायली जाऊन परत अशा असतात: १० किलोमीटर जायचं, शंकूला वळसा घालायचा, त्याच रस्त्याने परतायचं. मग वाटतं, जाताना समोरून वारा असला तर येताना पाठीशी असेल, फिटंफाट. ती होत नाही.

वरच्याच माणसाला घेऊ. वारा पडलेला असेल तर त्याचे २० किलोमीटर ३३ मिनिटं २० सेकंदांत होतात. आता ताशी १८ किलोमीटरचा वारा जाताना थेट समोरून येतोय असं धरा. तेवढ्याच २१५ वॅटमध्ये त्याचा वेग २६ वर येतो आणि पहिले १० किलोमीटर २३ मिनिटं ९ सेकंद खातात. परतताना तो ४८ च्या वेगाने येतो आणि १२ मिनिटं ३१ सेकंदांत पोचतो. बेरीज ३५ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे २ मिनिटं २० सेकंदांचा तोटा. कारण साधं आहे: वाऱ्याचा त्रास २३ मिनिटं सोसला आणि फायदा १२ मिनिटंच मिळाला.

या हिशेबातून एक कामाची गोष्ट निघते. जोर सारखा ठेवायचा नाही. समोरच्या वाऱ्यात ७ टक्के जास्त (२१५ ऐवजी २३०) आणि पाठच्या वाऱ्यात १२ टक्के कमी (१९० च्या आसपास) लावला, तर सरासरी तीच राहून सुमारे २० सेकंद वाचतात. एकाही वॅटचा जादा खर्च नाही. वयाच्या गटात पहिल्या तिघांत २० सेकंदांचा फरक पुष्कळ झाला.

पण बहुतेक जण करतात बरोबर उलटं. सुटताना अंगात उत्साह, पहिल्या दोन किलोमीटरला २७०-२८० वॅट, मग वारा आणि श्वास दोन्ही एकदम अंगावर येतात, आणि वळशापर्यंत माणूस १९० वर आलेला असतो. परतताना स्क्रीनवर ४५ चा आकडा दिसतो तेव्हा गडी खूश. तो आकडा वाऱ्याचा आहे, पायांचा नव्हे. वॅट मोजायचं यंत्र नसेल तर श्वासावर जा. जाताना दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण घसा कोरडा पडून धाप लागत असेल तर जोर फार झाला. समोरच्या वाऱ्यात वेगाचा आकडा बघूच नये, २४ दिसलं की माणूस घाबरून जास्तच दाबतो.

हवामान खात्याच्या अंदाजातला वारा १० मीटर उंचीवरचा असतो. सायकलवरच्या माणसाच्या उंचीला मोकळ्या जागी तो साधारण दोन-तृतीयांश भरतो. तरी झोतांचं काही सांगता येत नाही.

किनाऱ्यावर वारा आडवा येतो

वरचं गणित थेट समोरच्या वाऱ्याचं होतं. कोकणचा किनारा उत्तर-दक्षिण, आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून. म्हणजे किनाऱ्यालगत दक्षिणेला जाताना तो समोरून उजवीकडून तिरका मारतो आणि परतताना मागून डावीकडून ढकलतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा: कोरड्या दिवसांत पहाटे जमिनीकडून हलका मतलई वारा असतो आणि सूर्य वर आला की समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. शर्यती सकाळी साडेसहाला ठेवण्यामागे रहदारीइतकंच हेही कारण. पावसाळी हवेत मात्र ही वेळापत्रकं मोडतात.

रत्नागिरीहून भाट्ये, गोळप, पावस हा रस्ता नजरेसमोर आणा. आधी खाडीवरचा पूल: दोन्ही बाजू उघड्या, वारा खाडीच्या मुखातून सरळ आत. मग सुरूचं बन, तिथे आडोसा. बन संपलं की झोत. पुढे चढ, चढाला डोंगराचा आधार, आणि वर सड्यावर आलं की पुन्हा उघडं. जांभ्याच्या त्या सपाटीवर वाऱ्याला अडवायला काही नाही. धोका वाऱ्याच्या जोरापेक्षा या बदलांत आहे. माणूस नकळत वाऱ्याच्या अंगावर कललेला असतो. तेवढ्यात बाजूने एसटी किंवा चिऱ्यांचा ट्रक जातो, क्षणभर वारा तुटतो, सायकल वाऱ्याच्या दिशेने ओढली जाते आणि गाडी पुढे सरकली की तडाखा परत. हे आधी ठाऊक असेल तर माणूस हँडल आवळत नाही. आवळलेलं हँडल झोताला अंगाने नाही, चाकाने उत्तर देतं, आणि सायकल लेन बदलते.

चाकांचंही तसंच. खोल रिमचं (म्हणजे टायर बसतो ती कडी उंच असलेलं) किंवा भरीव तबकडीसारखं मागचं चाक आडव्या वाऱ्यात फारसं सतावत नाही, कारण त्यावर माणसाचं वजन असतं आणि त्याने सायकल वळत नाही. पुढचं चाक मात्र हँडलला जोडलेलं. त्याचं रिम ८० मिलिमीटर खोल असेल तर प्रत्येक झोत हँडल फिरवायला बघतो. सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा असेल तर पुढे ३० ते ५० मिलिमीटरचं चाक लावावं, आणि वजन ५५-६० किलो असणाऱ्याने त्यातलंही उथळ. महागडं चाक घरी ठेवायचं जिवावर येतं खरं. पण ते चाक वाचवतं १०-१२ सेकंद, आणि त्याला घाबरून दर झोताला एरोबार सोडून ताठ बसलात तर ते केव्हाच खर्च झाले.

एरोबारवर हात मधोमध एकमेकांजवळ असतात, त्यामुळे हँडलवर ताबा कमी. शिवाय ब्रेक तिथे नसतात, ते बाहेरच्या मुख्य हँडलवर असतात. म्हणून पूल, उतार, वळण, गर्दीचा नाका आणि सड्यावरची उघडी टोकं, इथे हात बाहेरच्या हँडलवर आणावेत. ३०० मीटरच्या पुलावर एरोबार सोडला तर जातात जेमतेम २ सेकंद.

ओला रस्ता सगळीकडे सारखा ओला नसतो

ओल्या डांबरावर पकड कमी होते, पण जात नाही. चांगलं खडबडीत डांबर तासभराच्या पावसाने धुतलं गेलं असेल तर त्यावर सायकल व्यवस्थित धरते. घात करतात त्या ठरावीक जागा.

पहिल्या सरीची पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात वाईट. महिनाभराचं सांडलेलं तेल आणि रबराची भुकटी पाण्यावर तरंगते. मोठी उघडीप होऊन पुन्हा सर आली की तेच. चिरेखाणीच्या फाट्यावर ट्रकच्या चाकांतून आलेली लाल माती भिजली की साबणासारखी होते. झाडांच्या सावलीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर हिरवट शेवाळ धरतं, आणि कोकणातल्या वाड्यांतून जाणारे कितीतरी रस्ते सिमेंटचे आणि सावलीतले आहेत. बंदराजवळ मासळीच्या गाड्यांतून गळलेलं पाणी. पांढरे पट्टे, झेब्रा क्रॉसिंग. पुलाचे लोखंडी सांधे: त्यांवर ब्रेक नको, वळण नको, पेडलचा जोरही नको, काटकोनात, सरळ, अंग किंचित उचलून पार व्हायचं. आणि डबकं. त्याच्या तळाशी खड्डा आहे की नाही हे पाण्यावरून कळत नाही, म्हणून रस्ता आदल्या दिवशी गाडीने नव्हे, सायकलने बघून ठेवावा.

रिमला धरणारे ब्रेक असतील तर ओल्यात पहिले काही फेरे पॅड नुसतं पाणी पुसतात. चाकाचा एक फेरा २.१ मीटरचा, म्हणजे ब्रेक ‘लागेपर्यंत’ गाडीभर अंतर सहज गेलेलं असतं, आणि मग थांबायचं अंतरही कोरड्याच्या दुपटीवर जातं. डिस्क ब्रेकचं हे दुखणं कमी, पण थांबवतो शेवटी टायर, ब्रेक नव्हे.

पॅरिस ऑलिंपिकची टाइम ट्रायल २७ जुलै २०२४ ला भर पावसात झाली, ३२.४ किलोमीटर. जगातले उत्तमोत्तम सायकलस्वार वळणांवर घसरले. अमेरिकेची क्लोई डायगर्ट पडली, उठली, आणि तरीही तिला कांस्य मिळालं. रौप्य हुकलं एका सेकंदाहून कमी फरकाने. त्या एका वळणावर दोन सेकंद जादा दिले असते तर पदक वरचं होतं.

एक यू-टर्न, जवळून

वळसा घालायचा शंकू ही टाइम ट्रायलमधली सगळ्यात हळू जागा, आणि पावसात सगळ्यात जास्त माणसं पडतात तीही इथेच. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे वळण उजवीकडे.

शंकूच्या १५० मीटर आधी मान वळवून मागे बघा. १०० मीटरवर हात बाहेरच्या हँडलवर. तिथेच तीन-चार गिअर हलके करून ठेवा. वळणात शिरल्यावर गिअर बदलता येत नाही आणि जड गिअरमध्ये बाहेर पडताना गुडघे बोलतात. ५० मीटरवर सायकल सरळ असतानाच ब्रेक दोनदा हलके दाबा, पाणी पुसलं जाईल. मग खरा ब्रेक, तोही सरळ रेषेतच. वळणात शिरताना दोन्ही ब्रेक सुटलेले हवेत.

रस्त्याच्या डाव्या कडेजवळून सुरुवात करा, पण कडेच्या चिखलात चाक घालू नका. डावा पाय खाली, वजन त्यावर. नजर शंकूवर नको, जिथून बाहेर पडायचं तिथे ठेवा. शंकूकडे बघणारा शंकूतच जातो. वळसा साडेतीन मीटर त्रिज्येचा धरला तर ताशी १३ किलोमीटरने फिरायला जेवढी पकड लागते, तिच्या निम्म्याहून कमी ९ ने फिरायला पुरते. आणि वेळेतला फरक? दीड-दोन सेकंद. सायकल पूर्ण सरळ झाल्याशिवाय पेडलवर जोर नाही, आणि उठून उभं राहायचं नाही. उभं राहिलं की मागचं चाक हलकं होतं आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर जागच्या जागी फिरतं.

‘मग टायरला नक्षी हवी ना?’

मोटारीच्या टायरला हवी, कारण रुंद टायर वेगात पाण्याच्या थरावर तरंगू शकतो. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि जास्त दाबाचा. तरंगायला लागणारा वेग टायरच्या दाबावरून काढतात. ८० पीएसआयला तो ताशी १५० किलोमीटरच्या घरात येतो. तिथवर कोणी जात नाही. सायकलला कामाचं असतं ते मऊ रबर आणि थोडा कमी दाब. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० किलोचा माणूस कोरड्यात ७५ पीएसआय ठेवत असेल तर ओल्यात ६७-६८ ठेवावा. ‘टणक टायर जोरात पळतो’ हा समज गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर खरा ठरेल, आपल्या जिल्हा मार्गांवर टणक टायर फक्त उडतो.

पंक्चर मात्र पावसात वाढतात. पाण्याने काच आणि खडीचे कण टायरला चिकटतात आणि ओलं रबर सहज कापलं जातं. शर्यतीच्या आदल्या रात्री टायरवर बोट फिरवून रुतलेले कण टोकदार काडीने काढा. दहा मिनिटांचं काम.

‘भिजल्यावर घाम कसला आणि तहान कसली?’

इंग्लंडातल्या पावसात सायकलस्वार गारठतो. कोकणात पाऊस पडत असताना हवा २५-२७ अंशांची असते, त्यामुळे आपली अडचण निराळी. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतला फार तर पाव भाग पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता. पायांतून २१५ वॅट काढणारा माणूस आतून साडेसहाशे वॅटच्या आसपास तापत असतो. ही उष्णता नुसत्या घामावर घालवायची तर ३५ मिनिटांत अर्ध्या लिटरहून थोडा जास्त घाम वाळायला हवा. वाळायला, गळायला नाही. दमट हवेत तो वाळत नाही, टपकतो. अंगावर पाऊस पडत असेल तर उलट बरं, गारवा मिळतो. सगळ्यात वाईट म्हणजे सर थांबून ऊन पडलेली, वारा पडलेली, उकडणारी सकाळ.

वय वाढलं की घाम आणि त्वचेकडचा रक्तप्रवाह दोन्ही मंदावतात आणि तहानेची जाणीवही बोथट होते. म्हणून मास्टर्सनी तहानेवर विसंबू नये. सुटण्याआधी दोन तास ४००-५०० मिलिलिटर पाणी चिमूटभर मिठासह. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत यासाठी झकास, त्याला परदेशी पुडीची गरज नाही. २० किलोमीटरला बाटली नेली नाही तरी चालतं, ४० ला एक हवीच. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके दाबलेले राहतात, त्यामुळे ठोक्यांवरून जोर ठरवू नये. लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाण्याचं आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं हा तर शुद्ध वेडेपणा.

गारठा लागतो तो सुटण्याआधी. भिजून अर्धा तास वाऱ्यात उभं राहिलं की पन्नाशीतले स्नायू आखडतात. सुटायच्या ५ मिनिटं आधीपर्यंत अंगावर रेनकोट ठेवा, मग काढा. फडफडणारा रेनकोट घालून शर्यत करणं म्हणजे समोरच्या वाऱ्याला आमंत्रण. पायात तोवर चप्पल. क्लीट, म्हणजे बुटाखालची पेडलमध्ये अडकणारी पट्टी, लाल चिखलाने भरली की अडकत नाही, आणि सुटण्याच्या रेषेवर ती काडीने कोरत बसलेला माणूस दर पावसाळी शर्यतीत एक तरी दिसतोच. खिशात जुना टूथब्रश ठेवावा.

चाळिशी लागलेल्यांसाठी

तरुणांच्या लक्षात न येणारी अडचण: स्क्रीनवरचे आकडे. जवळचं धूसर दिसतं, त्यात चष्म्यावर थेंब. स्क्रीनवर तीनच आकडे ठेवा, वॅट, वेळ, अंतर, आणि तेही मोठ्या अक्षरांत. पावसाचे थेंब टचस्क्रीन दाबतात, पान बदलतं, कधी नोंद थांबतेही; सुटण्याआधी स्क्रीन लॉक करा. हेल्मेटला जोडलेली काच पावसात काढून ठेवलेली बरी. चष्मा हवाच असेल तर पारदर्शक, आतून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चोळून पुसलेला, आणि हेल्मेटखाली छोट्या झडपेची टोपी. मागे लुकलुकणारा लाल दिवा लावा. पाणी उडवत येणाऱ्या ट्रकच्या चालकाला वाकलेला माणूस फार उशिरा दिसतो.

हाडांचंही लक्षात ठेवा. सायकलिंगमध्ये शरीराचं वजन हाडांवर येत नाही, त्यामुळे नुसतं सायकलिंग करणाऱ्याची हाडं मजबूत राहतीलच असं नाही. विशीत खरचटून निभावणारं पडणं पंचावन्नाव्या वर्षी खुब्यापर्यंत जातं. आठवड्यातून दोनदा वजनं उचलावीत.

‘एवढं असेल तर रद्दच का करत नाहीत?’

कधी कधी करायलाच हवी, पण ‘पाऊस’ हे त्याचं कारण पुरेसं नाही. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’. हे आकडे दिवसभराचे आहेत. त्यातला पाऊस रात्रीच पडून गेला असेल तर सकाळचा रस्ता धुतलेला आणि चांगला मिळू शकतो. आयोजकाने त्यापेक्षा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचावा. ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत’ असं त्यात असेल तर पूल आणि सडा असलेल्या मार्गावर टाइम ट्रायल घेऊ नये. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असताना एरोबारवर माणसं सोडण्यात शहाणपण नाही.

विजेला तडजोड नाही. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत. सगळं थांबवायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबून मगच पुढचा माणूस सोडायचा. सड्यावर सगळ्यात उंच तोच असतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते आयोजकाच्या फोनवर असावं. वळवाच्या दिवसांत आणि पावसाळा परतताना ऑक्टोबरमध्ये हा धोका जास्त, आणि तो बहुधा दुपारनंतरचा.

खाडीकाठच्या सखल रस्त्याला भरती बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा जुना ठोकताळा अजून चालतो: अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराला. मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, आणि त्या दिवशी सकाळी साडेसहाला ओहोटी असते. म्हणजे सकाळची शर्यत सहसा निभावते. बक्षीस समारंभ लांबवून लोकांना बारा वाजता त्याच रस्त्याने परत पाठवू नये.

‘पण आधी सुटलेल्यांना कोरडं आणि नंतरच्यांना पाऊस मिळाला तर?’ मिळतो. यावर इलाज नाही. निदान एका वयोगटाचे सगळे लागोपाठ सोडले तर त्यांना जवळपास सारखी हवा मिळते.

मीठ आणि लाल चिखल

शर्यतीनंतर सायकल तशीच टपावर टाकून घरी नेली तर दुसऱ्या दिवशी चेनवर तांबेरा दिसतो. समुद्राकडून आलेल्या तुषारांत मीठ असतं आणि जांभ्याच्या मातीत बारीक कण. आधी साध्या नळाच्या गोड्या पाण्याने धुवा. गॅरेजमधला जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, तो चिखल आत ढकलतो. चेन फडक्याने पुसा, वाळू द्या, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब तेल, पाच मिनिटं पेडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. सीटचा दांडा काढून सायकल उलटी करा, फ्रेममध्ये शिरलेलं पाणी बाहेर येईल. शेवटी ब्रेक पॅड बाहेर काढून उजेडात बघा. त्यात रुतलेले खडीचे आणि ॲल्युमिनियमचे चमकणारे कण टोकदार सुईने काढायचे, नाहीतर पुढच्या ब्रेकला ते रिमवर चरे पाडतात. पॅडवरच्या खाचा बुजल्या असतील तर पॅड बदलायचे. एका पावसाळी शर्यतीत ते कोरड्या महिन्याइतके झिजलेले असू शकतात.